पंजाबरावाचा उरलेला डोळा

जेवायच्या आधी हे वाचू नका. जेवण झालं असेल तरी पोटातलं जरा खाली बसू द्या. मी पंजाबरावाची हकीकत सांगतोय, आणि ती निघाली की घाण निघतेच. त्यात मौज अशी, की आमच्या गावात, गावातच कशाला, अख्ख्या दारव्हा तालुक्यात घाणीचा इतका तिटकारा असलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही.

गावाचं नाव सांगत नाही. आमचं गाव कागदावर स्वच्छ आहे, वेशीवर तसा हिरवा बोर्डही आहे. त्या बोर्डापासून बसथांब्यापर्यंतच्या रस्त्याला आम्ही गोदरी म्हणतो. दोन्ही बाजूंनी कमरेएवढं गवत. दिवेलागणीला बायका इकडून, पुरुष तिकडून. ज्याला कळायचं त्याला कळलं असेल.

पंजाबराव माझा शेजारी. वयानं माझ्यापेक्षा बराच लहान, मला काका म्हणतो. कपाशी आणि तुरीचं वावर आहे, अंगानं काडी, कपडे बगळ्यासारखे. खिशात कायम दोन रुमाल. एक तोंडाचा, एक जगाचा. दारव्ह्याला जाताना काळीपिवळीत बसायचं तर आधी जगाच्या रुमालानं सीट पुसणार, मग तोच रुमाल दोन बोटांत धरून खिडकीबाहेर झटकणार. मागच्या सीटवरची माणसं शिव्या घालत. हॉटेलात चहा प्यायचा तर पिशवीतून स्वतःचा स्टीलचा गिलास निघायचा. न्हाव्याकडे टॉवेल, साबण, कंगवा, सगळं घरचं. न्हावी एकदा म्हणाला, "पंजाबभाऊ, एवढं सारं घरून आणता, तं डोकं तेवढं कायले आणता? थेही ठेवून येत जा ना घरीच."

त्याच्या लग्नात मी पंगतीत वाढत होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. नवरीनं घास भरवायला हात पुढे केला, आणि हा म्हणाला, "पत्रावळीवर ठेव, मी उचलतो." मांडवात असा हशा पिकला की सनईवाल्याची सनई थांबली. ती नवरी म्हणजे इंदूबाई. त्या दिवशी ती जी गप्प झाली ती पुढे वर्षानुवर्षं चारचौघांत गप्पच राहिली. तिचा सासरचा पहिला घास पत्रावळीवर पडून राहिला होता.

आता डोळ्याचं सांगतो. थ्रेशरवर सोयाबीन काढणं चाललं होतं. भुसा उडतो त्या तोंडावर एक पत्रा असतो. त्या पत्र्याला ओली साल चिकटते, कुजते, वास मारते. पंजाबरावाला ते बघवेना. त्यानं पत्रा काढून बाजूला ठेवला. दुपारपर्यंत एक काडी सुटली ती सरळ डाव्या डोळ्यात. डोळा गेला. यवतमाळचा डॉक्टर म्हणाला, "आता एकच उरला आहे. तो डोळा नाही, तुमचं सगळं घर आहे असं समजा." इंदूबाईनं ते ऐकलं आणि पदराला गाठ मारली. पंजाबराव त्या वेळी दवाखान्याच्या पलंगावरची चादर कुणी कुणी वापरली असेल या विचारात होता.

असा माणूस शहाणा होईल असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही वाटलं होतं.

पुढं मजूर मिळेनासे झाले तेव्हा त्यानं ब्रश कटर घेतला. आमच्याकडे त्याला नुसतं कटर म्हणतात. खांद्यात पट्टा, हातात लांब दांडी, एका टोकाला पेट्रोलचं इंजिन, दुसऱ्या टोकाला गरगर फिरणारं पातं. दिवसभर वाकून विळ्यानं जेवढा धुरा साफ होतो, तेवढा बांध हे यंत्र चहा निवायच्या आत कापतं. दुकानदारानं बरोबर एक प्लॅस्टिकची ढाल दिली होती, पात्याच्या मागं बसवायची. एक जाळीचा मुखवटा दिला होता, तोंडावर ओढायचा. आणि मी बरोबर होतो म्हणून सांगतो, त्यानं हात जोडून सांगितलं होतं, "भाऊ, हे पातं गवत कापते आणि गवतात जे पडलं असेल थे फेकते. ढाल काढू नका. मुखवट्याशिवाय चालू करू नका. आजूबाजूला माणूस उभा राहू देऊ नका. पात्यात गवत गुंडाळलं तं आधी मशीन बंद, मंगच हात."

पंजाबराव सगळ्याला "व्हय, व्हय" म्हणाला. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात ढाल काढली. का? पाऊसकाळातलं ओलं गवत ढालीच्या आतून थापलं जातं, रात्रीतून हिरवं शेण होतं, सकाळी त्यात अळ्या वळवळतात. त्यानं ते बघितलं आणि दोनदा ओकला. मुखवट्याचंही तेच. आतून घाम गळतो, श्वासाचा वास आतल्या आत फिरतो. मुखवटा धुऊन, वाळवून, पिशवीत घालून त्यानं खुंटीला टांगला. तिथं तो देवासारखा राहिला.

इंदूबाई रोज म्हणायची, "अवो, एकच डोळा हाय. थे जाळी घालत जा ना."

"मायाच थुका मायाच तोंडावर येते त्यात. मले नाही जमत."

"अन् डोळा गेला मंग?"

"एकदा गेला ना? इज त्याच झाडावर दुसऱ्यांदा पडत नाही."

आमच्या वावरात एका निंबावर वीज दोनदा पडलेली आहे. मी त्याला ते झाड नेऊन दाखवलं. तो म्हणाला, "काका, थे निंब हाय. मी माणूस हाय."

आमच्या शिवाराला लागून तांडा आहे. तिथला प्रेमसिंग, गोर बंजारा माणूस, मोठा बोलका, पंजाबरावाच्या धुऱ्याला त्याचा धुरा लागून. एक दिवस प्रेमसिंग त्याच्या बाजूला बांधावर शिदोरी सोडून बसला होता. ज्वारीची भाकर, ठेचा, कांदा. इकडून पंजाबराव कापत येत होता, ढाल नाही, मुखवटा नाही. प्रेमसिंगाच्या पाण्याच्या कॅनला टचकन एक खडा लागला आणि भोक पडून पाण्याची धार सुटली. प्रेमसिंग उठतो न उठतो, तोच भाकरीवर काहीतरी येऊन पडलं. बेडूक. अर्धा. मागचे पाय अजून हलत होते.

"याडी ये!" प्रेमसिंग त्याच्या बोलीत आईला हाक मारत ओरडला. "पंजाबभाऊ, मी ठेचा खाऊन राह्यलतो, तुमी मटण काहून पाठवता?"

पंजाबरावानं मशीन बंद केलं, जवळ आला, भाकरीकडे पाहिलं, नाकाला तोंडाचा रुमाल लावला आणि पाठ फिरवून निघून गेला. माफी नाही, काही नाही. प्रेमसिंग मला म्हणाला, "काका, खड्यानं कॅन फुटली. थो खडा डोळ्यात जाता तं?" मी म्हटलं, तूच सांग त्याला. तो म्हणाला, "मी सांगतलं तं थो मले आधी हात धू म्हणते."

आता एक गोष्ट सांगायची राहिली. पंजाबरावानं घरामागे संडास बांधला होता. पांढऱ्या टाइल्स, निळं दार, नळ. आणि दाराला कुलूप. वापरला तर घाण होईल ना! आत कटर ठेवायचा, खुंटीवर टांगून. स्वतः पहाटे टमरेल घेऊन आपल्या वावरात, दूर नाल्याकाठी जायचा, जिथं दुसरं कुणी जात नाही. इंदूबाई कुठं जायची हे त्यानं कधी विचारलं नाही. ती जायची गोदरीवर, बाकीच्या बायकांबरोबर, गाडीचा उजेड पडला की उठून उभी राहत. ज्याला दुसऱ्याच्या कपातला चहा चालत नाही त्याच्या बायकोला रस्त्यावर बसावं लागतं, याची त्याला किळस नव्हती.

मागच्या श्रावणात बातमी आली की स्वच्छ गावांची तपासणी करायला समिती येणार. सरपंच दिपालीताई, शिकलेली पोरगी, धावपळीची. तिनं ग्रामपंचायतीसमोर माणसं गोळा केली. रस्त्याकडेचं गवत कापायचं ठरलं. कटर एकट्या पंजाबरावाकडे.

"कापून देतो," पंजाबराव म्हणाला, "पण गवतात काही नाही ना?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. हे जे झालं ते आमच्याच गावात होऊ शकतं. काही आहे म्हणावं तर बोर्ड खोटा ठरतो. आणि काही आहे म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न येतो, तुला कसं माहीत? दिपालीताईनं आधी झाडूवाले पाठवायचं मनात आणलं होतं, मला तसं बोललीही होती, पण झाडूवाले पाठवणं म्हणजे कबुली देणं. ती घसा साफ करून म्हणाली, "पंजाबभाऊ, आपलं गाव मुक्त आहे."

"मुक्तच आहे," मागून चारजण म्हणाले. त्यातला एक जण सकाळीच तिथून येताना मला दिसला होता.

पंजाबराव भोळा नव्हता. रस्त्यानं जाताना नाक तोही दाबायचा. पण मागच्या ग्रामसभेत बोर्ड लावायला सगळ्यात उंच हात वर केला होता त्यानंच. आता तो तरी काय बोलणार?

घरी इंदूबाईनं शेवटचं सांगून पाहिलं. मी ओट्यावर सुपारी कातरत होतो, सगळं ऐकू येत होतं.

"तिकडं कापू नका."

"काहून?"

"बाटल्या हाय. काचा हाय. ढाल लावा, जाळी घाला, मंग जा."

"तुले कसं माहीत काचा हाय?"

तिनं खुंटीवरून मुखवट्याची पिशवी काढून त्याच्या हातात दिली. त्यानं ती परत खुंटीला लावली आणि गेला.

अर्धं गाव बघायला. अंतर ठेवा म्हणून कुणी सांगितलं नाही, पोरंसोरं जवळजवळ पात्यापाशी. मीच काठी उगारून त्यांना पुलापर्यंत हाकललं. पंजाबरावाच्या अंगात पांढरा सदरा, पांढरं धोतर, पायात चपला. बूट नाहीत. दोरी ओढली, मशीन भुणभुणलं, आणि तो गवतात शिरला.

पुढचं मी थोडक्यात सांगणार नाही, कारण मला हे थोडक्यात सांगताच येत नाही. पहिल्या हाताला गुटख्याच्या पुड्या उडाल्या, रंगीबेरंगी, फुलपाखरांसारख्या. दुसऱ्या हाताला देशी दारूची बाटली फुटली, काचा टणटण करत डांबरावर. लहान पोरांचे ते कागदी लंगोट, फुगलेले, पात्यानं फाडले आणि त्यातला पांढरा लगदा बर्फासारखा पडला. कोंबडीवाल्यानं फेकलेली आतडी, पिसं. पंजाबरावाचा चेहरा हिरवा पडत चालला होता. तरी तो थांबेना, लोक बघत होते ना! आणि मग तो बोर्डाच्या खांबाजवळ आला. तिथं सगळ्यात जास्त. तिथं गेल्या चार पावसाळ्यांचं गाव बसलेलं होतं.

पात्यानं ते उचललं.

ढाल असती तर ढालीला थापलं गेलं असतं. ढाल नव्हती. पायापासून वर, धोतर, सदरा, गळा, मिशा, उघडं तोंड, आणि उरलेला डोळा. एका क्षणात बगळ्याची म्हैस झाली. त्यानं किंकाळी फोडायला तोंड आणखी उघडलं आणि तेच चुकलं. पट्टा सोडला, चालू मशीन तसंच टाकलं, ते गवतात फुरफुरत गोल फिरलं. प्रेमसिंग जीव घेऊन धावला आणि त्यानं बटण बंद केलं, नाहीतर कुणाचा पाय गेला असता. लोक आधी हसले. वास आला तसे पांगले. दिपालीताईनं पदर नाकाला लावला आणि बांधावर जाऊन ओकली.

आता खरी चूक. त्या घाणीत एक खड्याची कपची होती, ती डोळ्यात शिरली होती. स्वच्छ पाण्यानं हळू धुऊन तडक दवाखाना गाठायचा. पण हा पंजाबराव! हापशीवर धावत गेला, तिथं कुणाची तरी कपडे धुवायची वडी पडली होती, ती घेतली आणि डोळ्याला लावून खसाखसा घासायला लागला. "जाऊ दे! निघू दे!" असं ओरडत. मी हात धरला तर मला ढकललं. इंदूबाई धावत आली आणि तिनं त्याचे दोन्ही हात मागं ओढले. एवढी ताकद तिच्यात कुठून आली कोण जाणे.

"सोड मले! घाण हाय!"

"घाण ऱ्हाऊ द्या! डोळा ऱ्हायला पाहिजे!"

लग्नानंतर पहिल्यांदा मी तिचा आवाज एवढा ऐकला.

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरनं कपची काढली. बुबुळावर ओरखडा, त्यावर साबण, त्यावर ती घाण. डोळा पिकला. डॉक्टर म्हणाला, फूल पडलं तर दृष्टी गेली, आत्ताच काही सांगता येत नाही. दर तासाला थेंब, उजेड नको, हात लावायचा नाही. पंजाबरावानं विचारलं, "डॉक्टरसाहेब, मले दिसंल ना?" आयुष्यात पहिल्यांदा त्यानं चादर कशी आहे हे विचारलं नाही.

घरी आणला. खिडकीला गोणपाट लावलं. डोळ्यातून पिवळं यायचं, पापण्या चिकटायच्या. इंदूबाई उकळलेल्या पाण्याच्या कापसानं ते पुसायची. मी एकदा जवळून बघितलं आणि बाहेर येऊन तुळशीपाशी उभा राहिलो. ती बाई मात्र दर तासाला, तोंड न वळवता. तिसऱ्या दिवशी त्याला बाहेर जायचं झालं. नाल्याकाठी कोण नेणार? वाटेत काटे, आंधळा माणूस. इंदूबाईनं त्याच्या उशाखालची किल्ली घेतली, निळं दार उघडलं, टांगलेला कटर बाहेर काढून ठेवला आणि त्याला हात धरून आत नेलं.

"इथं?" तो म्हणाला.

"मंग कुठं? गोदरीवर?"

थोड्या वेळानं तो आतून म्हणाला, "इंदे, तू इतकी वर्षं तिकडंच जात होतीस काय?"

"मंग कुठं जाणार होती मी?"

आतून नळ सोडल्याचा आवाज आला.

गावात त्या डोळ्यावर पैजा लागल्या असतील, मी चौकशी केली नाही. कुणी सांगे मध घाला, कुणी सांगे बाळंतिणीचं दूध. इंदूबाई दारातूनच सगळ्यांना वाटेला लावायची. कपाशी वेचायला आली तेव्हा डॉक्टरनं दिवा मारून पाहिलं आणि म्हणाला, कडेला बारीक डाग राहील, मधलं बुबुळ साफ आहे. पंजाबरावानं भिंतीवरचा तक्ता शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचला. मग मान वळवून इंदूबाईकडे बघितलं आणि बघतच राहिला. ती लाजून म्हणाली, "अवो, तिकडं पाहा, तक्त्याकडं."

आता तो परत कापतो. ढाल लावून, मुखवटा ओढून, गुडघ्यापर्यंत गमबूट. आधी काठीनं गवत चाचपतो. जवळ कुणी आलं की इंजिन बंद करून शिव्या देतो. दर वेळी ढालीतला कुजका लगदा काडीनं खरवडतो, आणि दर वेळी ओकतो. ओकून झालं की तोंड धुतो आणि परत सुरू करतो. त्याची किळस कमी झालेली नाही, एवढं मी खात्रीनं सांगतो. मुखवट्यातल्या घामाबद्दल विचारलं तर म्हणतो, "काका, घाम माया हाय. थे मायं नव्हतं."

या हनुमान जयंतीला भंडारा झाला. प्रेमसिंग माझ्या शेजारी बसला, पंजाबराव समोरच्या ओळीत. रोडगे आले, वरण आलं, वांग्याची भाजी आली, तेलाचा तवंग असलेली, काळीशार. प्रेमसिंगनंही आता तांड्यात कटर घेतला आहे. तो सहज बोलून गेला, "भाऊ, थे ढाल लय अडचण करते. काढून टाकली मी."

पंजाबरावानं हातातला रोडगा खाली ठेवला. "काढली?"

"काढली."

"मंग ऐक. मायं तोंड उघडं होतं. पहिले खारट लागलं."

"भाऊ, जेवून राह्यलो ना..."

"खारट. मंग दातात काहीतरी कचकच झालं. मले वाटलं खडा. खडा नव्हता. थे बोरीची बी होती. कोणीतरी बोरं खाल्ली होती, प्रेमसिंग. अख्खी बी. न चावता."

वाढपी भाजीचं भांडं हातात घेऊन तसाच उभा राहिला. पलीकडच्या ओळीतला एक जण उठून मांडवाबाहेर पळाला. पंजाबराव थांबेना. जिभेखाली काय अडकलं, नाकातून काय उतरलं, मिशा कापल्यावर न्हाव्यानं काय काढलं, एक एक गोष्ट, शांतपणे, उजवा डोळा प्रेमसिंगाच्या तोंडावर रोखून. बायकांच्या पंगतीतून इंदूबाईचा हसण्याचा आवाज आला.

"लावतो," प्रेमसिंग पत्रावळ सारून म्हणाला. "सकाळी उठून पहिले ढाल लावतो. याडीची आन. तुमी तोंड बंद करा."

"मुखवटा?"

"थेही!"

पंजाबरावानं रोडगा उचलला, डाळीत बुडवला आणि मिटक्या मारत खायला लागला. माझ्या पानात वांगं तसंच पडलं होतं, त्यात बिया दिसत होत्या. मी पाणी पिऊन उठलो.